बहीण नसलेला शब्द

'बर्ड' हा शब्द यंत्राला द्यायचा ठरला, तेव्हा डॉ. वत्सला नाईकनवरे यांनी आधी दुसरे तीन शब्द सुचवून पाहिले. 'ब्रेड' घ्या म्हणाल्या, पाहुण्यांना तो न्याहारीपासूनच ओळखीचा असतो. 'शिप' घ्या, 'हँड' घ्या. तस्नीम सतारमेकर प्रत्येक शब्दाला मान डोलावत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, पण 'बर्ड' हा तुमचा शब्द आहे. तुमच्या निवृत्तीला आठ दिवस राहिलेत. मुख्य मान त्याचाच." वत्सलाताई हसल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

नाशिकजवळच्या टेकडीवर 'शब्दवंश संस्था' उभी राहिली, त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती. इंग्रजी, जर्मन, डच शब्दांची कुळं नाशकात शोधली जातात याचं नवख्या पाहुण्याला नवल वाटे. खरं तर त्यात नवल काही नव्हतं. तिकडच्या विद्यापीठांनी ही खाती एकेक करून बंद केली होती आणि इकडे संस्कृत धातूंवर वाढलेली चिवट मंडळी रिकामी बसली होती. जुन्या जर्मानिक भाषांचा एक मोठा कोश या टेकडीवर तयार झाला. वत्सलाताई त्याच्या मुख्य संपादक. जगात कुठेही या विषयाची परिषद भरली तर त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखलेली असे.

यंत्राचं नाव 'मूळगामी'. तस्नीमनं ते सहा वर्षं खपून बांधलं होतं. ती मिरजेची. घरात सतारी बनवायचा धंदा, त्यामुळे कान तयार होता. गणित ती पुढे शिकली. यंत्र पहिल्यांदा लोकांना दाखवायचं होतं त्या सकाळी प्रयोगशाळेत संस्थेचे विश्वस्त जमले होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर परदेशातल्या कोशांचे संपादक आपापल्या घरातून डोकावत होते. विश्वस्तांपैकी बापूसाहेब खैरनार हे द्राक्षांचे बडे निर्यातदार. त्यांना भाषाशास्त्रातलं ओ की ठो कळत नसे, आणि हे ते मोकळेपणानं सांगत, म्हणून सगळ्यांना ते आवडत.

तस्नीमनं आधी सोपा शब्द घेतला, 'फुट'. पडद्यावर तो मधोमध उमटला आणि त्याच्या बहिणी एकेक करून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. जुन्या इंग्रजीतला 'फोत', जुन्या नॉर्समधला 'फोत्र', गॉथिकमधला 'फोटुस', जर्मनमधला 'फूस'. मग यंत्र मागे सरकू लागलं. ध्वनी मनाला येईल तसे बदलत नाहीत, नियमानं बदलतात, म्हणून बहिणींचे चेहरे ताडून आईचा चेहरा काढता येतो, असं तस्नीम सांगत होती. आई मिळाली. तिच्याही मागे गेल्यावर 'फ'चा 'प' झाला आणि आपल्या 'पाद' आणि 'पाऊल' यांच्याशी इंग्रजी पायाचं नातं जुळलं. बापूसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि त्या आईच्या डोक्यावर तारा कसला, असं विचारलं.

उत्तर वत्सलाताईंनी द्यावं म्हणून तस्नीम मागे सरली.

"तारा ही आमची कबुली आहे, बापूसाहेब," वत्सलाताई म्हणाल्या. "हे रूप कुठल्याही पोथीत सापडलेलं नाही, आम्ही तर्कानं काढलंय, एवढंच तो सांगतो."

"आणि तारा नसला तर?"

"तर ते कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा वर्गात म्हटलं होतं. आज ते म्हणून त्या लगेच मागे वळल्या. शेजारच्या टेबलावर पाणी होतं, ते त्यांनी घेतलं.

मग 'बर्ड' आला. हा शब्द जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' होता, पुढे त्यातल्या 'र'नं आणि स्वरानं जागा बदलल्या. तेव्हा त्याचा अर्थ पाखराचं पिल्लू एवढाच. मोठ्या पक्ष्याला 'फुगोल' म्हणत, आणि त्या 'फुगोल'ची भावंडं सगळीकडे आहेत, जर्मनमध्ये 'फोगेल', गॉथिकमध्ये 'फुग्ल्स'. पिल्लाच्या शब्दाला मात्र एकही बहीण सापडत नाही. यंत्र जुन्या इंग्रजीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. पडद्यावर अक्षरं आली: साक्षीदार एक, पुढे वाट नाही.

"एकट्या मुलीकडे बघून आईचा चेहरा काढता येत नाही," तस्नीम म्हणाली. "तिचं नाक आईचं की स्वतःचं, हे कळायला दुसरी बहीण लागते. यंत्र अडाणी नाही, प्रामाणिक आहे. ज्याला दोन साक्षीदार नाहीत त्याच्या पलीकडे ते पाऊल टाकत नाही."

विश्वस्तांनी माना हलवल्या. वत्सलाताईंना पुढचा भाग माहीत होता. तस्नीमनं कार्यक्रमपत्रिकेत तो ठळक अक्षरांत छापला होता: 'एका खोट्या बहिणीचा शोध'.

ती खोटी बहीण जुन्या सॅक्सन भाषेतली. 'ब्रिडी' असं तिचं रूप, आणि पुढे पुरावा म्हणून एका मठातल्या स्तोत्रपोथीचं पान एकशे बारा, मागची बाजू. पंचवीस वर्षांपूर्वी नाशिकच्या कोशात ती छापली गेली आणि 'बर्ड'ला अचानक माहेर मिळालं. दुसऱ्या कोशांनी ती धडाधड उचलली. दोन वर्षांनी कुणीतरी ती पोथी मोजली, तर पानं निघाली शहात्तर. 'ब्रिडी' त्यांतल्या एकाही पानावर नव्हती. वत्सलाताईंनी नोंद जाहीरपणे मागे घेतली, आणि ''बर्ड'ला बहीण नाही' असा एक लेख लिहिला. त्या लेखानं त्यांचं नाव झालं. चूक मान्य करायला मोठं मन लागतं, असं लोक अजून त्यांच्याबद्दल बोलत.

नोंद मागे घेतली तरी ती मेली नव्हती. अकरा कोशांत ती अजून वेगवेगळ्या वेषांत जगत होती, कुठे अर्थ बदलून, कुठे पोथीचं नाव गाळून. मूळगामीची खरी परीक्षा हीच होती. शब्दांची वंशावळ काढावी तशी चुकीची वंशावळ काढायची.

बापूसाहेबांना हे पटेना. चुकीवरून काय सिद्ध होणार, असं ते म्हणाले.

"चुकीवरूनच होतं," तस्नीम म्हणाली. "दोन मुलांचे पेपर सारखेच बरोबर आले तर काही कळत नाही. सारखेच चुकले तर एकानं दुसऱ्याचं पाहिलं, नाहीतर दोघांनी तिसऱ्याचं. पान एकशे बारा ही चूक ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे, त्यांचा पूर्वज एकच."

यंत्र चाललं. अकरा कोशांतून पाच वाटा निघाल्या, पाचांच्या दोन झाल्या, दोनांची एक, आणि ती वाट टेकडीवर परत आली. छापील कोश. कोशाआधीचं मुद्रित. मुद्रिताआधीची चिठ्ठी. संस्थेच्या तळघरातली, काळ्या शाईतली, सुबक अक्षरातली चिठ्ठी क्रमांक चाळीस हजार एकशे सतरा पडद्यावर भिंतभर पसरली. 'ब्रिडी', डोक्यावर तारा नाही. पान एकशे बारा, मागची बाजू. कोपऱ्यात दोन अक्षरांची सही: म. गा. खाली यंत्रानं लिहिलं: उगम निश्चित. लेखक मधुकर गावित.

टाळ्या पडल्या. तेवीस वर्षांपूर्वी चौकशी समितीनं जे ठरवलं तेच आज शास्त्रानं सिद्ध केलं, असं तस्नीम अभिमानानं म्हणाली. पडद्यावरच्या संपादकांनी ठरवूनच टाकलं की अहवाल आज पाच वाजता सगळ्यांकडे जाईल आणि अकराही कोशांत 'ब्रिडी' खोडून खाली कायमची टीप येईल, चुकीच्या कर्त्याच्या नावासकट. वत्सलाताईंच्या पाठीवरून ओझं उतरल्यासारखं झालं. सकाळपासून त्यांना भीती होती की यंत्र आपल्यापर्यंत येईल. ते आलं नाही. आपण सुटलो, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कुणाकडे न बघता त्या उठल्या.

संस्थेची एक जुनी रीत होती. अभ्यासकानं पेन्सिलीनं कच्ची चिठ्ठी लिहायची, सहायकानं तिची शाईनं पक्की चिठ्ठी करायची आणि कोपऱ्यात सही करायची. संगणक आले, गेले, दुसरे आले, पण ही रीत कुणी मोडली नाही. विद्वानांचं अक्षर आणि विद्वानांचा विसराळूपणा या दोन्हींवर संस्थापकांचा दांडगा विश्वास होता. कच्च्या चिठ्ठ्या महिनाअखेरीला कागदाचे तुकडे करणाऱ्या कातरणीत जात.

मधुकर गावित हा वत्सलाताईंचा सहायक आणि संशोधक विद्यार्थी. नवापूरकडच्या एका पाड्यावरून आलेला, घरात शिकलेला पहिलाच. त्याचा प्रबंध 'बर्ड'वरच होता, आणि त्याचं म्हणणं असं की या शब्दाला बहिणी नाहीतच. पिल्लांना हाका मारता मारता असे शब्द जागच्या जागी जन्मतात, आमच्या पाड्यावर मी ऐकलेत, असं तो म्हणे. ते वत्सलाताईंना पटत नव्हतं. त्यांना तेव्हा मुख्य संपादक व्हायचं होतं, आणि 'बर्ड'चं माहेर सापडलं असतं तर ते पद चालत आलं असतं. त्या स्तोत्रपोथीतलं एक रूप तरुणपणी हॉलंडमध्ये लायडनला असताना आपण छायाचित्रात पाहिलंय, असं त्यांना वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. कच्ची चिठ्ठी लिहिताना 'ब्रिडी'च्या डोक्यावर तारा काढायला पेन्सिल उचलली गेली आणि तशीच खाली आली. पानाचा आकडा त्यांनी आठवणीतून घातला. पुढे कधीतरी पोथी बघून घेऊ, असं स्वतःला सांगितलं.

समितीपुढे त्यांना एकच प्रश्न विचारला गेला. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: माझ्या कच्च्या चिठ्ठीवर तारा होता, आणि तो पानाचा आकडा शेजारच्या चिठ्ठीतला असावा. त्यांच्या खणात राहून गेलेली ती कच्ची चिठ्ठी समितीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः कातरणीत घातली होती. मग गावितला बोलावलं. माझ्याकडून राहिला असेल, एवढंच तो म्हणाला. त्याची शिष्यवृत्ती थांबली, प्रबंध बारगळला, आणि तो नवापूरला जाऊन आश्रमशाळेत इंग्रजी शिकवू लागला. वत्सलाताईंनी लेख लिहिला तो त्याच्याच प्रबंधातलं सार घेऊन. त्याला सगळं माहीत आहे, तो आपल्याला मनातून शिव्या देत असेल, हे धरूनच त्या तेवीस वर्षं जगल्या. त्या शिव्यांचा त्यांना एक प्रकारे आधार होता. आपल्या पापाला निदान एक साक्षीदार आहे, असं वाटे.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा वत्सलाताई तस्नीमच्या खोलीत गेल्या. दार लावलं, आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. तारा नव्हता. आकडा माझा. कातरणी मी चालवली.

तस्नीमनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या टेबलावर वत्सलाताईंच्या सत्काराची शाल घडी करून ठेवलेली होती. ती तिनं उचलली आणि कपाटात ठेवली. वत्सलाताईंना ते पाहावेना.

"यंत्र माझ्यापर्यंत का आलं नाही?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या चिठ्ठीची एकच प्रत झाली, मॅडम. गावितांची. एकट्या प्रतीवरून मागे जाता येत नाही. चूक प्रत करणाऱ्याची की मुळातली, हे ठरवायला त्याच चिठ्ठीवरून निघालेली दुसरी प्रत पाहिजे. तुमच्या 'बर्ड'सारखंच झालं हे. जे शेवटचं सापडतं तोच उगम, असं यंत्र धरतं."

"मी सांगतेय ना आता."

"मी नोंदवते," तस्नीम म्हणाली, "पण लिखित पुरावा नाही, म्हणून त्यावर तारा लागेल. टीप गावितांच्याच नावानं जाईल, आणि खाली बारीक अक्षरांत तुमचं म्हणणं, तारांकित. वाचणारे म्हणतील, बाई किती मोठ्या मनाच्या, जुन्या विद्यार्थ्याला वाचवायला बघतायत."

हे ऐकून वत्सलाताईंनी खुर्ची ओढून घेतली. खरं बोलूनही पुन्हा आपलंच कौतुक व्हावं, याहून वाईट शिक्षा त्यांना सुचली नसती.

मग एक वाट निघाली. कच्ची चिठ्ठी दोघांनीच पाहिली होती. गावितनं जर आपणहून सांगितलं की मूळ चिठ्ठीवर तारा नव्हता, तर ती दुसरी साक्ष झाली. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या की यंत्राला मागे जावंच लागतं. तस्नीमनं शाळेचा क्रमांक शोधला. फोन लावण्याआधी तिनं बजावलं की फक्त त्या दिवसाचं काय आठवतं एवढं विचारायचं, स्वतः काही सांगायचं नाही. वत्सलाताईंनी मान हलवली.

पलीकडे पोरांचा कालवा होता. गावितनं आवाज ओळखला, आणि त्याला इतका आनंद झाला की वत्सलाताईंना ठरवलेला प्रश्न लगेच विचारता येईना. तो कुठेतरी बाजूला गेला असावा, कारण कालवा कमी झाला. त्यानं तब्येत विचारली. कोशाच्या नव्या आवृत्तीची प्रत शाळेनं मागवलीय म्हणाला. बाई, तुमचा बहिणीवरचा लेख मी दहावीच्या पोरांना वाचून दाखवतो, असंही सांगितलं. त्याच्या बोलण्यात कुठे कडवटपणा सापडतो का, हे त्या ऐकत राहिल्या. नव्हता. त्यामुळेच त्यांचा धीर सुटला.

"गावित, माझ्या चिठ्ठीवर तारा नव्हता," त्या म्हणाल्या. "मी लावलाच नव्हता. मी समितीपुढे खोटं बोलले."

तस्नीमनं डोळे मिटले.

मग गावित बोलला तो समजूत घातल्यासारखा.

"नाही बाई. तुम्हाला आता नीट आठवत नसेल. मला पण आधी तसंच वाटलं होतं की तारा नव्हता. पक्कं वाटलं होतं. पेन्सिलीचं ते अक्षर डोळ्यांसमोर दिसायचं. मग समितीच्या साहेबांनी मला तुमचं म्हणणं वाचून दाखवलं, तारा होता असं. तेव्हा मला कळलं की आपली नजरच भरवशाची नाही. समोर आहे ते ज्याला दिसत नाही, त्यानं या कामात राहू नये. म्हणून तर मी प्रबंध सोडला. समितीनं पुन्हा अर्ज करायला सांगितलं होतं, मीच केला नाही."

वत्सलाताईंना हे कधीच माहीत नव्हतं.

"अजून फळ्यावर काही लिहिलं की मी दोनदा वाचून बघतो," गावित म्हणाला. "पोरं हसतात. पण बरंच झालं, सवय लागली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका बाई."

त्यांनी फोन छातीशी धरला आणि तस्नीमकडे पाहिलं. तिनं जवळ उभं राहून सगळं ऐकलं होतं. त्याला आधी आठवत होतं, तारा नव्हता असं पक्कं आठवत होतं, हेच आपल्याला हवं होतं ना, असं त्यांनी विचारलं.

"होतं," तस्नीम म्हणाली. "पण ती आठवण त्यांनी तुमच्या शब्दावर खोडून टाकली. आणि आता त्यांनी हो म्हटलं तर तेही तुमच्याच शब्दावर म्हणतील. तुमच्या साक्षीतून निघालेली साक्ष ती, स्वतंत्र नाही. यंत्र ती घेणार नाही."

म्हणजे पाच वाजता अहवाल जाणार होता आणि तो आता कुणाच्यानं थांबणार नव्हता. अकरा कोशांत म. गावित हे नाव चुकीच्या पोटी छापलं जाणार होतं. त्याबद्दल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोनमधून गावित हलक्या आवाजात बाई, बाई म्हणत होता.

त्यांनी फोन कानाला लावला.

"गावित, तुमची नजर बरोबर होती. तुम्हाला दिसलं तेच तिथे होतं."

"असं कसं होईल, बाई," तो म्हणाला. "तुम्ही कशाला खोटं सांगाल?"

तेवढ्यात त्याच्या शाळेची घंटा झाली. त्याचा तास सुरू होणार होता, पण त्यानं फोन ठेवला नाही. वत्सलाताईंनी त्याला त्या दिवसाचं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पेन्सिल कुठली होती, ती कशी उचलली, कुठे थांबली, कातरणीत कागद किती वेळ फिरला, आणि प्रत्येक वाक्यानंतर तो आदरानं म्हणत होता, नाही बाई, तुमची काहीतरी चूक होतेय.